आधी छेद, मग आकडेमोड: जनगणनेच्या तक्त्यावर सांख्यिकी आणि संभाव्यतेची गणितं सोडवताना

‘एका पिशवीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू आहेत’ हे गणित बहुतेकांना येतं. त्याच मुलांसमोर जनगणनेचा तक्ता ठेवला की गाडी अडते. वह्या तपासताना दिसतं ते असं: बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, सूत्रही बरोबर, फक्त ज्या संख्येने भागायला हवं होतं तिने भागलेलंच नाही. पिशवीच्या गणितात छेद आयता मिळतो, पिशवीत ८ चेंडू असतात. खऱ्या आकडेवारीत पिशवी कुठली हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

खाली मी बहुतेक ठिकाणी एकच आकडेवारी वापरली आहे, २०११ च्या जनगणनेतले महाराष्ट्राचे अंतिम आकडे. एका टप्प्यावर क्रिकेट आहे. वही घेऊन बसा आणि क्रम मोडू नका. चौथ्या टप्प्यावर अडलेल्याची चूक बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यात सापडते.

तयारी: कागदाच्या डोक्यावर तीन ओळी

साधा कॅल्क्युलेटर, पेन्सिल आणि तक्त्याची छापील प्रत एवढं पुरे. तक्ता मोबाइलच्या पडद्यावर सरकवत वाचू नका, कारण खालची टीप आणि वरचं शीर्षक एकाच वेळी दिसत नाही. गणिताला हात लावण्याआधी कागदावर लिहा:

- कोण मोजले?
- कधी मोजले?
- कोण वगळले?

साक्षरतेच्या तक्त्यासाठी मी लिहीन ते असं: ‘मोजले: ७ वर्षं व त्यापुढच्या व्यक्ती. कधी: १ मार्च २०११ ची स्थिती. वगळले: ० ते ६ वयाची मुलं.’ तिसरी ओळ कोरी सोडायचा मोह होतो. कुणीच वगळलं नसेल तर ‘कोणी नाही’ असं लिहा, पण लिहा.

टप्पा १: तक्ता एकाच वंशाचा आहे का ते बघा

महाराष्ट्राचं २०११ चं लिंगगुणोत्तर (दर १००० पुरुषांमागे स्त्रिया) काही ठिकाणी ९२५ दिसेल, काही ठिकाणी ९२९. दोन्ही छापलेले आहेत. ९२५ हा आधी जाहीर झालेला तात्पुरता आकडा, ९२९ अंतिम. एका वेबसाइटवरून स्त्रियांची संख्या आणि दुसऱ्या पुस्तकातून एकूण लोकसंख्या घेतली की बेरीज जुळत नाही. मग मुलं तासभर स्वतःची चूक शोधत बसतात. चूक त्यांची नसते, तक्ते दोन असतात.

दुसरी अडचण जिल्ह्यांची. २०११ मध्ये महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून जुन्या तक्त्यातल्या ठाण्यात तो आहेच. नावंही बदलली: जुन्या तक्त्यातलं औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद म्हणजे धाराशिव, अहमदनगर म्हणजे अहिल्यानगर. दोन तक्ते जोडताना ही तीन नावं जुळत नाहीत आणि त्या ओळींना आकडा मिळत नाही.

*सावधान:* इंग्रजी तक्त्यात ११२,३७४,३३३ असे स्वल्पविराम असतात, आपल्याकडे ११,२३,७४,३३३. संख्या तीच. पण ‘११२ मिलियन’ वाचून ‘११२ लाख’ लिहिणारे दर वर्षी भेटतात. १ मिलियन म्हणजे १० लाख, तेव्हा हे ११ कोटी २४ लाखांच्या आसपास आहे.

*ताळा:* पुरुष ५,८२,४३,०५६ आणि स्त्रिया ५,४१,३१,२७७. बेरीज ११,२३,७४,३३३ येते का? आली तरच पुढे चला.

टप्पा २: छेद शब्दांत लिहा

प्रश्न: महाराष्ट्राचा साक्षरता दर काढा. साक्षर व्यक्ती ८,१५,५४,२९०.

घाईत केलेलं उत्तर: ८,१५,५४,२९० ÷ ११,२३,७४,३३३, म्हणजे ७२.५७ टक्के. अधिकृत दर मात्र ८२.३४ टक्के आहे. हा दहा टक्क्यांचा खड्डा कुठून आला? छेदात तान्ही बाळंसुद्धा आली. जनगणनेत सात वर्षांखालच्या मुलाला, त्याला वाचता येत असलं तरी, साक्षर धरत नाहीत. म्हणून छेदातूनही ती मुलं जायला हवीत. ० ते ६ वयाची मुलं १,३३,२६,५१७. ती वजा केली की उरतात ९,९०,४७,८१६. आता भागा: ८२.३४.

सवय लावायची ती अशी की भागाकार मांडण्याआधी छेद शब्दांत लिहायचा. ‘सात वर्षं व त्यापुढच्या व्यक्तींपैकी साक्षर’. या वाक्यातल्या ‘पैकी’च्या डाव्या बाजूला जे येतं तो छेद. ‘पैकी’ नसलेलं वाक्य असेल तर प्रश्न अजून समजलेला नाही.

टप्पा ३: वर्गांतरं, आणि वयाचा खास घोळ

शाळेत शिकवतात की ०–९, १०–१९ असे वर्ग सलग नसतील तर ते सलग करून घ्या: खालच्या मर्यादेतून ०.५ वजा, वरच्या मर्यादेत ०.५ मिळवा. मार्कांसाठी ठीक. जवळच्या किलोपर्यंत मोजलेल्या वजनासाठीही ठीक. वयासाठी चूक.

जनगणनेतलं वय म्हणजे पूर्ण झालेली वर्षं. ४ वर्षं ११ महिन्यांचं मूल ‘४’ म्हणूनच नोंदलं जातं. त्यामुळे ०–४ हा गट प्रत्यक्षात ० पासून ५ ला टेकेपर्यंतचा आहे, त्याचा मध्यबिंदू २.५. सवयीने −०.५ ते ४.५ केलं की मध्यबिंदू २ येतो (शिवाय उणे अर्ध्या वर्षाचं बाळ वहीत जन्माला येतं). पुढचा ५–९ चा गट ७.५ ऐवजी ७, त्यापुढचा १२.५ ऐवजी १२. प्रत्येक मध्यबिंदू अर्ध्या वर्षाने खाली, म्हणून सरासरी वयही नेमकं अर्ध्या वर्षाने खाली. उत्तर इतकं जवळ येतं की चूक झाल्याची शंकाही येत नाही.

वयाच्या तक्त्यात आणखी दोन ओळी अडवतात. शेवटचा गट वरून उघडा असतो, ‘अमुक वर्षं व अधिक’. त्याला मध्यबिंदू नसतो. तुम्ही काय धरला ते उत्तराखाली लिहा. मध्यक (आकडे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा) काढायचा असेल तर हा त्रासच नाही, कारण मध्यक त्या गटापर्यंत पोचत नाही. दुसरी ओळ ‘वय सांगितलेले नाही’ अशी. ही माणसं एकूण संख्येत असतात, पण कुठल्याच गटात नसतात. मध्य, म्हणजे नेहमीची सरासरी, काढताना छेदातून ती वजा करा.

*बघण्यासारखं:* एकेका वर्षाचा तक्ता मिळाला तर स्तंभालेख काढून बघा. ३०, ३५, ४०, ४५ वर खांब उंच दिसतील आणि शेजारी खड्डे. त्या वयाची माणसं खरोखर जास्त नसतात, ‘असेल चाळीसेक’ असं सांगणारी जास्त असतात. पाच-पाच वर्षांचे गट पाडले की हे चढउतार बरेच निवतात.

टप्पा ४: मध्य की मध्यक, हे आकडे मांडल्यावर ठरवा

प्रश्न: महाराष्ट्रातल्या ‘सर्वसाधारण’ जिल्ह्याची लोकसंख्या किती?

मध्य सोपा: ११,२३,७४,३३३ ÷ ३५ = ३२,१०,६९५. आता ३५ जिल्हे उतरत्या क्रमाने लिहा. सगळे, हाताने. वर ठाणे १,१०,६०,१४८, मग पुणे ९४,२९,४०८, मग मुंबई उपनगर ९३,५६,९६२. तळाला सिंधुदुर्ग ८,४९,६५१. अठराव्या क्रमांकावर बुलढाणा येतो, २५,८६,२५८. हा मध्यक. त्याच्या खालोखाल बीड, अवघ्या १,२०९ माणसांनी मागे.

मध्य आणि मध्यक यांत सहा लाखांहून जास्त फरक पडला. यादीत बघा, मध्याच्या वर फक्त ११ जिल्हे आहेत, खाली २४. वरचे तीन जिल्हे बाजूला ठेवून उरलेल्या ३२ चा मध्य काढला तर २५,७८,९९४ येतो, म्हणजे जवळपास मध्यकच. तीन जिल्ह्यांनी सगळी सरासरी वर ओढली होती. ‘सर्वसाधारण’ असा शब्द प्रश्नात असेल आणि आकडे असे एकीकडे झुकलेले असतील, तर मध्यक द्या आणि कारण एका ओळीत लिहा. पण एकूण निधी जिल्हावार वाटायचा असेल तर मध्यच लागतो, कारण मध्याला ३५ ने गुणलं तर एकूण संख्या परत मिळते, मध्यकाला गुणून नाही मिळत.

*सावधान:* टोकाचा आकडा दिसला की खोडरबर उचलू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच मुंबईत कुलाब्याला सुमारे ७३. कोऱ्या तक्त्यात हे पाहणाऱ्याला ९४४ म्हणजे ९४.४ चा दशांशचिन्ह गळलेला आकडा वाटेल. तो खरा होता. आकडा काढून टाकायला नोंदीतल्या चुकीचा पुरावा लागतो. तो विचित्र दिसतो एवढं कारण पुरत नाही.

टप्पा ५: गुणोत्तरांची सरासरी काढू नका

हा टप्पा लहान आहे, पण सगळ्यांत जास्त गुण इथेच जातात.

प्रश्न: ठाण्याचं लिंगगुणोत्तर ८८६, रत्नागिरीचं ११२२. दोन्ही जिल्ह्यांचं मिळून किती?

(८८६ + ११२२) ÷ २ = १००४. म्हणजे दोन्ही जिल्हे मिळून पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त! आता मूळ संख्या घ्या.

ठाणे: पुरुष ५८,६५,०७८, स्त्रिया ५१,९५,०७०.
रत्नागिरी: पुरुष ७,६१,१२१, स्त्रिया ८,५३,९४८.

एकूण स्त्रिया ६०,४९,०१८, एकूण पुरुष ६६,२६,१९९. भागाकाराला १००० ने गुणलं की ९१३. उत्तराची बाजूच पालटली. ठाणे रत्नागिरीच्या जवळपास सातपट मोठं आहे, आणि साध्या सरासरीने दोघांना समान मत दिलं.

टक्केवारी, दर, गुणोत्तर, प्रति-हजार असं काहीही एकत्र करायचं असेल तर अंश अंशात मिळवा, छेद छेदात, मग भागा. मूळ संख्या दिल्याच नसतील तर भार, म्हणजे कोणाचा वाटा किती, ते मागा. तोही नसेल तर ‘दिलेल्या माहितीवरून काढता येत नाही’ हे पूर्ण गुणांचं उत्तर आहे.

टप्पा ६: प्रमाण विचलन, आणि ६ की ५

प्रमाण विचलन म्हणजे आकडे मध्यापासून किती पसरले आहेत याचं माप. कोकण विभागातले तेव्हाचे सहा जिल्हे, लोकसंख्या लाखांत: मुंबई शहर ३०.९, मुंबई उपनगर ९३.६, ठाणे ११०.६, रायगड २६.३, रत्नागिरी १६.२, सिंधुदुर्ग ८.५.

क्रमाने करा:

१. बेरीज २८६.१, मध्य ४७.६८. मध्य पूर्णांकात करू नका, नाहीतर ती ढिलाई पुढे सहा वेळा वर्गात जाते.
२. विचलनं: −१६.७८, ४५.९२, ६२.९२, −२१.३८, −३१.४८, −३९.१८. यांची बेरीज शून्याच्या अगदी जवळ हवी. इथे ०.०२ येते, ती मध्याच्या दशांशामुळे.
३. वर्गांची बेरीज ९३३२.३.
४. आता भागायचं कशाने?

तेव्हाच्या कोकण विभागात सहाच जिल्हे होते आणि सहाही तुमच्यासमोर आहेत. हा नमुना नाही, पूर्ण समष्टी आहे. म्हणून ६ ने भागा: १५५५.४, वर्गमूळ ३९.४ लाख. राज्यातून यादृच्छिक सहा जिल्हे उचलून त्यावरून सगळ्या ३५ चा अंदाज बांधायचा असता तर ५ ने भागलं असतं. हेच सहा आकडे तसे मिळाले असते तर उत्तर ४३.२ आलं असतं. एक्सेलमध्ये यासाठी दोन वेगळी सूत्रं आहेत, एकाच्या शेवटी ‘पी’ असतं, दुसऱ्याच्या ‘एस’. समष्टीसाठी ‘पी’.

*ताळा:* कुठेतरी पाठ केलेलं ‘मध्यापासून दोन प्रमाण विचलनांत ९५ टक्के’ इथे लावून बघा. ४७.७ − ७८.८ = उणे ३१.१ लाख लोकसंख्या. तो नियम घंटेच्या आकाराच्या, दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या आकड्यांसाठी आहे. सहा जिल्ह्यांतले चार मध्याच्या खाली आणि दोन कितीतरी वर असताना तो लावायचा नसतो.

टप्पा ७: संभाव्यता, म्हणजे पुन्हा ‘कोणांपैकी’

*एकटी घटना.* महाराष्ट्रातली एक व्यक्ती यादृच्छिक निवडली तर ती स्त्री असण्याची संभाव्यता किती? लिंगगुणोत्तर ९२९, म्हणून ०.९२९ असं उत्तर मी इतक्या वेळा वाचलंय की आता हसूही येत नाही. ९२९ स्त्रिया १००० पुरुषांमागे आहेत, १००० माणसांमागे नाहीत. छेद १९२९. उत्तर ०.४८२. मूळ संख्यांवरूनही तेच येतं.

*सशर्त संभाव्यता.* पुढची दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहा:

- रत्नागिरीतली एक व्यक्ती निवडली; ती स्त्री असण्याची संभाव्यता: ८,५३,९४८ ÷ १६,१५,०६९ = ०.५२९
- महाराष्ट्रातली एक स्त्री निवडली; ती रत्नागिरीची असण्याची संभाव्यता: ८,५३,९४८ ÷ ५,४१,३१,२७७ = ०.०१६

अंश तोच आहे. छेद बदलला आणि ५३ टक्क्यांचे दीड टक्के झाले. प्रश्नात ‘असेल तर’, ‘निवडलेली व्यक्ती अमुक आहे असे कळले’ असे शब्द आले की त्यांच्याखाली रेघ मारा. अट म्हणजेच नवी पिशवी.

आता क्रिकेट, कारण इथे तक्ता स्वतःच फसवतो. सचिन तेंडुलकर, कसोटी: ३२९ डाव, ५१ शतकं, ६८ अर्धशतकं. ५० पार केल्यावर शतक होण्याची संभाव्यता किती? ५१ ÷ ६८ = ०.७५ हे उत्तर चूक आहे, कारण ‘अर्धशतकं’ या रकान्यात ५० ते ९९ याच धावसंख्या असतात, शतकं त्यात मोजलेली नसतात. ५० पार झालेले डाव ६८ + ५१ = ११९. उत्तर ५१ ÷ ११९ = ०.४२९. सुनील गावसकरांचं करून बघा: २१४ डाव, ३४ शतकं, ४५ अर्धशतकं. ३४ ÷ ७९ = ०.४३०. दोघे दुसऱ्या दशांशापर्यंत एकमेकांना चिकटलेले. (जाता जाता: फलंदाजीची ‘सरासरी’ही आपला मध्य नाही. सचिनच्या १५,९२१ धावांना ३२९ ने नाही, नाबाद ३३ डाव वगळून २९६ ने भागतात. म्हणून ती ५३.८ च्या घरात. डावामागे धावा काढल्या तर ४८.४.)

*गुणाकार.* ‘व्यक्ती रत्नागिरीची आणि स्त्री’ यासाठी दोन संभाव्यता सरळ गुणल्या तर ०.०१४३७ × ०.४८१७ = ०.००६९ मिळतं. प्रत्यक्ष मोजलं तर ८,५३,९४८ ÷ ११,२३,७४,३३३ = ०.००७६. जुळलं नाही, कारण घटना स्वतंत्र नाहीत. रत्नागिरीत स्त्रियांचं प्रमाण राज्यापेक्षा जास्त आहे. सरळ गुणाकार करण्याआधी अट घालून आणि न घालता संभाव्यता सारखी येते का ते तपासा. इथे ०.५२९ आणि ०.४८२, म्हणजे नाही.

*निदान एक.* राज्यातून तीन व्यक्ती यादृच्छिक निवडल्या. निदान एक स्त्री असण्याची संभाव्यता? ३ × ०.४८१७ = १.४४५ लिहून पुढच्या प्रश्नाकडे गेलेल्या वह्या माझ्याकडे आहेत. १ च्या वर गेलं की तिथेच थांबा. तिघेही पुरुष असण्याची संभाव्यता काढा, ०.५१८३ चा घन, ०.१३९. ती १ मधून वजा केली की ०.८६१. अकरा कोटींतून तिघे उचलताना एकाच्या निवडीने दुसऱ्याच्या संधीत फरक पडत नाही, म्हणून घन चालतो. तिघे एकाच घरातले निवडले तर चालत नाही.

टप्पा ८: उत्तर वाक्यात

नुसतं ‘०.५२९’ लिहू नका. ‘२०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यातून यादृच्छिक निवडलेली व्यक्ती स्त्री असण्याची संभाव्यता सुमारे ०.५३.’ वाक्य लिहिताना छेद चुकला असेल तर बऱ्याचदा तिथेच जीभ अडते. दशांश दोन-तीन पुरेत. कॅल्क्युलेटरवरचे सगळे उतरवले म्हणून उत्तर जास्त खरं होत नाही.

सरावासाठी तीन

१. गोवा, २०११. उत्तर गोवा: पुरुष ४,१६,६७७, स्त्रिया ४,०१,३३१. दक्षिण गोवा: पुरुष ३,२२,४६३, स्त्रिया ३,१८,०७४. दोन्ही जिल्ह्यांची लिंगगुणोत्तरं, त्यांची साधी सरासरी आणि राज्याचं खरं गुणोत्तर काढा.

२. गोव्यातली एक स्त्री निवडली. ती उत्तर गोव्याची असण्याची संभाव्यता? उत्तर गोव्यातली व्यक्ती निवडली. ती स्त्री असण्याची?

३. सचिनचा कुठलाही एक कसोटी डाव उचलला. त्यात ५० किंवा अधिक धावा असण्याची संभाव्यता?

उत्तरं: (१) ९६३ आणि ९८६, साधी सरासरी ९७४.५, खरं ९७३. (२) ०.५५८ आणि ०.४९१. (३) ११९ ÷ ३२९ = ०.३६२.

पहिल्यात चुकीची रीतसुद्धा दीडच्या फरकाने सुटते. ठाणे-रत्नागिरीत ९१ चा फरक पडला, इथे दीडचा का, ते उत्तराखाली दोन ओळींत लिहा. दोन्ही जिल्ह्यांचे आकार आणि गुणोत्तरं शेजारी मांडलीत की कारण समोरच आहे.